सर आर्थर कॉटन यांचें कन्यालिखित चरित्र : साधन म्हणून त्याची योग्यता

गोदावरीच्या मुखप्रदेशांत धवळेश्वर येथें ज्यांनीं बंधारा घातला त्या जनरल सर आर्थर कॉटन यांचें चरित्र इ. स. १९०० सालीं लंडन येथें हॉडर आणि स्टाऊटन या प्रकाशकांनीं प्रसिद्ध केलें. चरित्रनायकाची कन्या लेडी होप ही त्याची लेखिका असून दुष्काळनिवारणाविषयींचा भाग विल्यम डिग्बी यांनीं जोडलेला आहे. मद्रास इलाख्यांतील जुन्या पाटबंधाऱ्यांविषयीं कोणी लिहूं लागला कीं हा ग्रंथ त्याच्या हाताशीं येतो, आणि एकदां हातीं आला म्हणजे इतर कागद पाहण्याची गरज त्यास बहुधा वाटेनाशी होते. पुस्तक वाचनीय आहे, भक्तिभावानें लिहिलेलें आहे, आणि त्यांत अस्सल पत्रव्यवहारहि आहे. या तिन्ही गुणांमुळेंच तें जपून वापरलें पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ चा. अ‍ॅडिस्कोंब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयांत शिकून ते मद्रास इंजिनियर्स पथकांत दाखल झाले, पहिल्या ब्रह्मी युद्धांत होते, आणि पुढें कावेरीच्या कामावर आले. १८३६ सालीं कोळ्ळिडम् नदीवर वरचा व खालचा असे दोन बंधारे झाले. १८४७ ते १८५२ या काळांत धवळेश्वरचा झाला. त्याच धर्तीवर लागलीच कृष्णेवर बेजवाड्यास झाला. १८६१ सालीं ‘सर’ ही पदवी, १८६६ सालीं के. सी. एस. आय., आणि २४ जुलै १८९९ रोजीं डॉर्किंग येथें वयाच्या ९६ व्या वर्षीं मृत्यु. इतकें दीर्घ आयुष्य लाभलेल्या पुरुषाच्या चरित्रकारास एक विशेष अडचण असते. नायकाचें मुख्य कार्य ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, ते साक्षीदार त्याच्या आधींच गेलेले असतात.

नैयायिक प्रत्यक्ष आणि शब्द हीं प्रमाणें वेगळीं मानतात, आणि शब्दप्रमाणास आप्ताची अट घालतात. येथें ‘आप्त’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. कन्या ही लौकिक अर्थानें आप्त खरी; परंतु शास्त्राला अभिप्रेत असलेला आप्त म्हणजे ज्यानें अर्थ यथार्थपणें जाणला आहे आणि जो तो तसाच सांगतो, असा वक्ता. या कसोटीवर पाहिलें तर ग्रंथांत तीन हात दिसतात: पित्याचा, कन्येचा आणि डिग्बी यांचा. तिघांची योग्यता एक नव्हे. उतारा घेणारे मात्र ‘कॉटनचरित्रांत असें म्हटलें आहे’ एवढें लिहून मोकळे होतात.

आधीं कन्येचा हात पाहूं. लेडी होप यांचा जन्म १८४२ च्या डिसेंबरांत टास्मानियांत झाला. धवळेश्वरचें काम सुरू झालें तेव्हां त्यांचें वय चार वर्षें पूर्ण, आणि तें संपलें तेव्हां नऊ. कोळ्ळिडम् बंधारे तर त्यांच्या जन्मापूर्वींचे. म्हणजे ज्या दोन नद्यांमुळें कॉटन यांचें नांव राहिलें, त्यांपैकीं कावेरीविषयीं कन्येस प्रत्यक्ष मुळींच नाहीं, आणि गोदावरीविषयीं असलेंच तर मुलाच्या आठवणीइतकें. डॉर्किंग येथील उत्तरायुष्याची गोष्ट निराळी. वृद्ध सेनापति खोल नांगरटीचे प्रयोग करीत आहेत, धर्मकार्यांत मन घालीत आहेत, पाटबंधाऱ्यांच्या वादांत नव्वदीकडे झुकले तरी लेखणी खालीं ठेवीत नाहींत, हें चित्र घरांतल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणास काढतां आलें नसतें. तेथें बाई उत्तम साक्षीदार आहेत.

परंतु त्यांच्या साक्षीची पारख करण्यास दुसरेंहि एक प्रकरण उपलब्ध आहे, आणि कॉटन यांच्याविषयीं लिहिणाऱ्यांस तें सहसा ठाऊक नसतें. विकासवादाचे प्रणेते चार्लस डार्विन यांनीं मरणापूर्वीं आपल्या मतांविषयीं खेद दर्शवून ख्रिस्ती धर्मग्रंथांचा आश्रय केला, अशी जी आख्यायिका पाश्चात्य देशांत पसरली, तिचें मूळ याच लेडी होप. १९१५ सालीं बोस्टन येथील एका बॅप्टिस्ट पत्रांत त्यांची हकीकत छापून आली: एका दुपारीं आपण डार्विन यांस भेटलों, ते अंथरुणावर टेकून बायबल वाचीत होते, इत्यादि. डार्विन यांची कन्या हेन्रिएटा लिचफील्ड यांनीं १९२२ सालीं ही हकीकत स्पष्टपणें खोटी ठरविली. लेडी होप शेवटच्या आजारांत, किंवा कोणत्याहि आजारांत, तेथें नव्हत्या असें त्यांनीं सांगितलें. पुढें जेम्स मूर यांनीं १९९४ सालीं या आख्यायिकेवर स्वतंत्र पुस्तक लिहून, भेट झालेली असणें संभवतें, परंतु तिला बोधाचा साज मागाहून चढला, असा मध्यम निर्णय दिला.

यावरून पित्याचें चरित्रहि काल्पनिक आहे असें अनुमान कोणी काढील तर तो अतिव्याप्तीचा दोष होईल. चरित्र १९०० चें, डार्विनची हकीकत १९१५ ची. आणि पित्याच्या पत्रांवर बसून लिहिणें वेगळें, एका दुपारची आठवण सांगणें वेगळें. परंतु लेखिकेची वृत्ति त्यावरून कळते. घडलेल्या प्रसंगाला उपदेशाचा आकार आल्याशिवाय तिला राहवत नाहीं. चरित्रांत जेथें संवाद आहेत, जेथें नायकाच्या तोंडीं एखादें धर्मपर वचन योग्य क्षणीं येतें, तेथें संशोधकानें समासांत प्रश्नचिन्ह घालावें. जेथें तारखेसह पत्र आहे तेथें घालूं नये.

आतां पित्याचा हात. कॉटन यांच्या लेखनांतील अत्यंत मोलाचा भाग कोणता असें कोणी विचारल्यास मी तत्काळ सांगेन कीं त्यांनीं स्वतःच्या गुरूंविषयीं जें लिहिलें तो. ते म्हणतात, हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं जुन्या लोकांचीं पाण्याचीं कामें आहेत, तीं धाडसाचीं व कौशल्याचीं आहेत, आणि शेंकडों वर्षें टिकलीं आहेत. खोलीचा अंत न लागणाऱ्या सैल वाळूंत पाया कसा धरावा हें आम्ही त्यांच्यापासून शिकलों. इंग्रज लढण्यांत हुशार खरे, पण पूर्वजांनीं बांधलेलें नीट राखण्याइतकीहि अक्कल त्यांना नाहीं, असें तेथील लोक उघड म्हणत. आणि तें म्हणणें रास्त होतें, हेंहि ते कबूल करतात. विजेत्याच्या लेखणींतून असा कबुलीजबाब क्वचितच उतरतो. तो कॉटन यांच्या हिताविरुद्ध आहे, म्हणूनच त्याचें प्रामाण्य अधिक.

ज्या कामापासून ते शिकले तें कावेरीवरील जुनें धरण, तमिळांत कल्लणै म्हणजे दगडी बांध. त्याची योजना समजण्यासाठीं स्थळ डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. त्रिचनापल्लीच्या पश्चिमेस मुक्कोंबु येथें नदी दुभंगते. उत्तरेचा फांटा कोळ्ळिडम्, दक्षिणेचा कावेरी, आणि दोहोंमध्यें श्रीरंगमचें बेट. बेटाच्या पूर्व टोकाशीं दोन्ही प्रवाह पुनः जवळ येतात. कोळ्ळिडमचें पात्र अधिक उताराचें व खोल, त्यामुळें कावेरीचें पाणी तिकडे निसटून जाण्यास टपलेलें. तें निसटूं नये म्हणून त्या टोकाशीं जुन्या लोकांनीं नागमोडी आकाराचें धरण घातलें. लांबी १,०८० फूट, रुंदी ४० ते ६० फूट, उंची १५ ते १८ फूट. आंत ओबडधोबड दगड चिखलांत बसविलेले. वाळूवर दगड टाकावे, पाण्यानें खालची वाळू उकरली म्हणजे ते खचूं द्यावे, त्यांवर आणखी टाकावे. असें करतां करतां थर स्थिर होतो. १८०४ च्या सुमारास कॅप्टन काल्डवेल यांच्या सूचनेनें त्याची उंची २७ इंच वाढली, आणि १८३० च्या सुमारास कॉटन यांनीं सांचलेली वाळू निघून जावी म्हणून त्यांत दारें बसविलीं. दारांसाठीं धरणाचा कांहीं भाग उकलावा लागला, तेव्हां त्याचें पोट दिसलें. कॉटन यांचें खरें विद्यालय अ‍ॅडिस्कोंबचें नव्हे, हें होय.

मग त्यांनीं मुक्कोंबुलाच, म्हणजे दुभंगण्याच्या जागीं, कोळ्ळिडमवर बंधारा घातला. उपाय इतका परिणामकारक झाला कीं पुढें कावेरींतच पाणी प्रमाणाबाहेर जाऊं लागलें व तिच्याहि मुखाशीं आडभिंत घालावी लागली. नदीच्या एका पारड्यांत हात घातला कीं दुसरें हलतें, हें त्यांना येथें कळलें. हा बंधारा, मागाहूनच्या दारांसह, २०१८ च्या ऑगस्टांतील पुरापर्यंत टिकला. त्या पुरांत त्याचा कांहीं भाग वाहून गेला.

कल्लणै करिकाल चोळानें बांधलें ही समजूत आतां शाळेच्या पुस्तकांतहि आहे. ताम्रपट काय म्हणतात? राजेंद्र चोळाच्या तिरुवालंगाडु ताम्रपटाच्या संस्कृत भागांत करिकालाच्या कीर्तींत कावेरीचे तट बांधल्याचा उल्लेख येतो. त्याहून जुन्या, तेलुगू देशांतील चोडांच्या मालेपाडु ताम्रपटांतहि तीच गोष्ट आहे. परंतु दोहोंत विषय तटांचा, म्हणजे नदीच्या कांठच्या बांधांचा. प्रवाहाच्या आडव्या धरणाचा नव्हे. तट आणि सेतु यांतील भेद ज्या प्रशस्तिकारांना कळत होता, त्यांच्या शब्दांवर आपण आपला अर्थ लादूं नये. धरण प्राचीन आहे यांत शंका नाहीं; त्यावर राजाचें नांव कोरण्याची घाई मात्र नको.

महाराष्ट्रीय वाचकांचा या धरणाशीं संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. १६७६ पासून तंजावर भोसल्यांकडे होतें, आणि १७६२ च्या तहानंतर याच बांधाच्या दुरुस्तीवरून तंजावरचे राजे व अर्काटचा नबाब यांच्यांत तंटा लागला. दुरुस्ती झाली नाहीं तर तंजावरचीं भातशेतें कोरडीं, आणि दुरुस्तीस परवानगी नबाबाची. तंटा मद्रास सरकारापुढें गेला, म्हणून इंग्रजी दप्तरांत त्याचें वर्णन आहे. तंजावरची बाजू मोडींत असली पाहिजे. सरस्वती महालांतील व तमिळ विद्यापीठांतील मोडी रुमाल चाळणाऱ्यांनीं वंशावळी व दानपत्रें यांच्यावरच थांबूं नये. बांध, पाट, कालवे, बिगारी, चुना, दगड या शीर्षकांखालील खर्चाचे कागदहि पाहावे. बृहदीश्वराच्या मंदिरावर भोसलेवंशाचा प्रचंड मराठी शिलालेख १८०३ सालीं कोरला गेला, आणि त्याच वर्षीं कॉटन जन्मले. शिलालेखाकडे आमचें लक्ष गेलें, बांधाच्या हिशेबाकडे गेलें नाहीं. इंग्रजांस पूर्वजांचीं कामें राखतां येत नाहींत असें कॉटन यांस ऐकविणारे लोक कोण, हा प्रश्न विचारला तर तंजावरच्या दप्तरांत मराठी लिहिणारे कारकून डोळ्यांपुढें येतात. तर्क आहे, पण कागदांनीं तपासतां येण्याजोगा तर्क आहे.

गोदावरीकडे वळतांना चरित्राचा ओघ वेगळा होतो. तेथें एकच पुरुष दिसतो, आणि बाकी सर्व पडद्यामागें जातात. परिस्थिति भयंकर होती यांत संशय नाहीं. १८३२-३३ च्या गुंटूरच्या दुष्काळानें तो प्रदेश उजाड केला होता. राजमहेंद्री जिल्ह्याची लोकसंख्या १८२१ सालीं सुमारें ७,३८,००० होती ती १८४१ सालीं सुमारें ५,६१,००० वर आली. १८४४ सालीं माँटगोमेरी यांनीं जिल्ह्याच्या दैन्यावर अहवाल दिला, आणि कॉटन यांचे नदीविषयींचे अहवाल त्याच सुमाराचे. योजना मंजूर झाली. चार भागांत, मधल्या बेटांना धरून, सुमारें १२,००० फूट लांबीचें दगडी काम वाळूंत न फार खोल विहिरी उतरवून उभें राहिलें. परंतु काम चालू असतां कॉटन यांची प्रकृति बिघडून ते रजेवर गेले, तेव्हां भार कॅप्टन ऑर यांनीं वाहिला. गन्नावरमचा ४९ कमानींचा जलसेतु तरुण अधिकारी हेग यांनीं उभा केला. आणि मजूर जमविणें, त्यांना टिकवून धरणें, रोजच्या कामावर डोळा ठेवणें, हें वीणम् वीरण्णा या तेलुगू ब्राह्मण अधिकाऱ्याचें काम. सरकारनें त्यांस पुढें रायबहादुर केलें. चरित्र एकाचें असतें, बंधारा एकाचा नसतो. हा दोष लेखिकेचा म्हणण्यापेक्षां त्या वाङ्मयप्रकाराचाच म्हणावा.

तिसरा हात डिग्बी यांचा. हे मद्रासच्या १८७७-७८ च्या दुष्काळांत मदत-समितीचे चिटणीस होते, आणि त्या दुष्काळावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यांचा हेतु उदात्त, परंतु त्यांचा भाग हें वकीलपत्र आहे. दुष्काळास रेल्वे नव्हे तर पाणी हाच उपाय, हा पक्ष सिद्ध करण्यासाठीं त्यांनीं कॉटन यांच्या आयुष्याचा दृष्टांत केला. दृष्टांत पक्षाला जुळावा म्हणून त्याचे कंगोरे घासावे लागतात. कर्नूल-कडप्पा कालव्याचें प्रकरण असा एक कंगोरा. कॉटन यांच्या प्रेरणेनें निघालेल्या खासगी कंपनीनें, दहा लक्ष पौंडांवर सरकारी व्याजाची हमी घेऊन, तुंगभद्रेचें पाणी काढलें. आणि १८८२ सालीं सरकारास तो बुडता धंदा विकत घ्यावा लागला. कारण उघड आहे. त्रिभुजप्रदेशांत जमीन नदीच्या वाढविलेल्या पातळीखालीं असते, पाणी आपोआप पसरतें, आणि भाताला तें रोज हवें असतें. वरच्या मुलखांतल्या काळ्या जमिनीचा शेतकरी ज्वारी पेरतो. बऱ्या वर्षीं त्यास पाणी नको असतें, वाईट वर्षींच हवें असतें, आणि पाणीपट्टी दरवर्षीं देण्यास तो राजी नसतो. आमच्या दख्खनी कालव्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. कॉटन यांनीं तंजावर व राजमहेंद्रीचा नफा सर्व हिंदुस्थानास लावला, हा त्यांच्या तर्कांतील हेत्वाभास; आणि डिग्बी यांनीं तो दुरुस्त केला नाहीं.

प्रोबी कॉटली यांच्याशीं झालेला वादहि असाच एका बाजूनें वाचला जातो. (नामसादृश्यामुळें आमच्या पुस्तकांतून या दोघांची अदलाबदल झालेली मीं पाहिली आहे. कॉटली हे १८५४ सालीं सुरू झालेल्या गंगा कालव्याचे कर्ते.) १८६३ सालीं कॉटन यांनीं तो कालवा पाहून छापील टीका केली, कॉटली यांनीं छापील उत्तर दिलें, पत्रकांवर पत्रकें निघालीं. उतार जास्त धरला त्यामुळें तळ उकरतो, हें कॉटन यांचें म्हणणें खरें ठरलें व कालव्यांत फेरफार करावे लागले. पाणी हरद्वाराहून न घेतां खालून घ्यावें, हेंहि नरोऱ्यास मुख असलेल्या व १८७८ सालीं सुरू झालेल्या खालच्या गंगा कालव्यानें कांहींसें उचलून धरलें. परंतु मूळ कालवा निकामी आहे असा जो त्यांचा सूर, तो कालव्यानेंच खोटा पाडला. हरद्वारचें मुख अद्याप चालू आहे. कॉटन यांची वादशैली शुष्क जमिनीवर सोडलेल्या पुराच्या पाण्यासारखी आहे: जोर भरपूर, मात्रा नाहीं.

एका अर्वाचीन प्रमादाचा येथेंच निरास केला पाहिजे. नद्या जोडण्याची कल्पना प्रथम कॉटन यांची, असें वर्तमानपत्रांतून वारंवार छापून येतें. त्यांनीं मांडलेलें कालव्यांचें जाळें हें मुख्यतः नौकानयनासाठीं होतें. रेल्वेपेक्षां स्वस्त असा जलमार्ग त्यांना हवा होता, आणि १८७८ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढेंहि त्यांनीं हाच आग्रह धरला. एका खोऱ्यांतील पाणी शेतीसाठीं दुसऱ्या खोऱ्यांत नेण्याची गंगा-कावेरी योजना १९७२ सालीं डॉ. के. एल. राव यांनीं मांडली, तिचा संकल्प निराळा. दोहोंच्या नकाशांवर रेघा सारख्या दिसतात एवढ्यावरून कर्तृत्व ठरत नाहीं.

आतां चरित्राच्या बाहेरचें एक साधन. गोदावरीच्या मुखप्रदेशांतील ब्राह्मण स्नानाच्या संकल्पांत कॉटन यांच्या स्मरणाचा एक अनुष्टुभ् श्लोक म्हणतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल. त्यांत त्या आंग्ल पुरुषास नित्य गोदास्नानाचें पुण्य देणारा म्हणून भगीरथाची पदवी दिलेली आहे. प्रशंसकांना त्यांतला ‘भगीरथ’ तेवढा दिसतो. मला त्यांतील ‘नित्य स्नान’ अधिक महत्त्वाचें वाटतें. श्लोककर्त्यानें तांदुळाचें नांव घेतलें नाहीं, नफ्याचें घेतलें नाहीं. नदीपासून कोसन् कोस दूर असलेल्या गांवाच्या दारांत पाटाचें पाणी आलें, आणि पाटांतलें पाणीहि गोदावरीच, असा धर्मनिर्णय त्यानें एका विशेषणांत देऊन टाकला. पाटाच्या पाण्यास तीर्थत्व आहे कीं नाहीं, हा प्रश्न शास्त्र्यांपुढें कधीं तरी आला असलाच पाहिजे. हा श्लोक म्हणजे त्याचें उत्तर आहे.

उपमान मात्र चुकलें, असें या गोदेच्या उगमाकडील वाचकांस वाटल्यावांचून राहणार नाहीं. भगीरथानें गंगा खालीं आणली. कॉटन यांनीं नदी आणली नाहीं, आलेली थांबविली. त्र्यंबकेश्वरीं कुशावर्त आहे. निसटून जाणाऱ्या गोदेस गौतमांनीं दर्भाचें कुंपण घालून तेथें अडविलें, अशी कथा आहे. बंधाऱ्याचें याहून जवळचें उपमान कोणतें? शिवाय धवळेश्वराखालीं नदीचे जे दोन मुख्य फांटे होतात त्यांतील एकाचें नांवच गौतमी. कवीनें उगमाकडे पाहिलें असतें तर त्याला भगीरथाकडे जावें लागलें नसतें. धवळेश्वरचा जुना बंधारा १९८२ च्या सुमारास नव्या बंधाऱ्यानें बाजूस सारला, आणि नव्यासहि कॉटन यांचेंच नांव दिलें. श्लोक जेथल्या तेथें आहे.

असा श्लोक केवळ मुखपरंपरेवर सोडून देणें योग्य नव्हे. ज्या संग्राहकांजवळ आंध्र देशांतून आलेल्या स्नानविधीच्या किंवा प्रयोगाच्या पोथ्या असतील, त्यांनीं संकल्पाचें पान उघडून पाहावें. श्लोक मूळ ओळींत आहे, कीं समासांत मागाहूनच्या हातानें लिहिलेला आहे, कीं नाहींच, हें पोथीच्या शकासह व लिपीसह टिपून ठेवावें. पाठभेद असल्यास तेहि, अक्षर न सुधारतां, जसेच्या तसे उतरावे. विशेषतः कॉटन या नांवास कोणती विभक्ति कशी लावली आहे तें पाहावें, कारण परक्या नामाची विभक्ति लेखकाचें व्याकरण जितकें उघड करते तितकें दुसरें कांहीं करीत नाहीं.